आडव्या बाटलीचा तपास

ती घटना आठवली की आजही माझा उजवा हात आपोआप खिशात जातो, कारण त्या प्रकरणातला पहिला गुन्हा त्यानंच केला. चोरीची जागा पाहायला मी तळघरात उतरलो, लाकडी मांडणीवर आडव्या ठेवलेल्या बाटल्यांतली एक उचलली आणि उजेडात धरली. तळाशी काचेसारखे बारीक खडे. भेसळ! असं मनाशी ठरवून मी ती खोकल्याच्या औषधासारखी खळाखळा हलवली.

"अहो साहेब!" फिर्यादी छातीवर हात ठेवून पायरीवर बसले. "पाच वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता!"

ते खडे द्राक्षातल्या आंबटपणाचेच असतात, गारव्यात तळाशी बसतात, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की फिर्यादीची छाती खरोखरच अधू आहे.

उदारीकरणाची वर्षं होती. फ्रीगंजच्या दुकानांत परदेशी टीव्ही दिसू लागले होते. मी उज्जैनमध्ये टीआय, म्हणजे ठाणेदार. फिर्यादी माधव नगरातले काका, आमच्यासारखेच नोकरीपायी माळव्यात आलेल्या मराठी घरातले इंजिनिअर. त्यांच्या कारखान्याचा फ्रान्सच्या कंपनीशी करार होता. काका तिकडे जात आणि दर खेपेला कायद्यात बसतील तेवढ्याच बाटल्या आणत. पांढरी वाईन. पावत्या फाइलला लावलेल्या. पीत मात्र नसत, नुसत्या ठेवत. तळघरात एका भिंतीला काकूंच्या लोणच्याच्या बरण्या, दुसऱ्या भिंतीला काकांच्या बाटल्या. त्यांतली एक नाहीशी झाली होती.

एरवी अशी तक्रार मी चहा पाजून परत पाठवली असती. पण पंधरा दिवसांनी इंदूरला काकांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलेलं होतं आणि ते हटून बसले होते. "बाटली सापडल्याशिवाय मी इंदूरला जाणार नाही. घरातच चोर असेल तर घर कुणाच्या भरवशावर टाकू?" डॉक्टरांनी तर तारीख पुढे ढकलायची नाही म्हणून बजावलेलं. घाबरलेल्या माणसाला थांबायला निमित्त लागतं, हे नोकरीनं मला शिकवलं होतं. काकांना ते आयतंच मिळालं होतं.

हवालदार कानाशी आला. "सर, काम वाली बाई को थाने बुला लूँ?"

"थांब जरा," मी म्हटलं. मला एक गोष्ट खटकत होती. मांडणीवर सोनेरी लेबलाच्या दोन झोकदार बाटल्या जागच्या जागी होत्या. चोरानं नेली ती साधी, मळकट कागदाची.

"काका, तिच्यात असं काय होतं?"

काका खुलले. "बहुतेक पांढरी वाईन दोन-चार वर्षांत पिऊन टाकायची असते. वर्षानुवर्षं टिकून सुधारते ती थोडी. ती निवडताना लेबल बघायचं नाही. नवी असताना ती जिभेला चावली पाहिजे, पण चव मागे रेंगाळली पाहिजे. मग साल कसं गेलं, बनवणारा कोण, ते विचारायचं. गेलेली बाटली फ्रान्सच्या लुआर नदीकाठची, गोड. गोडीही भरपूर आणि आंबटपणाही भरपूर. तीस वर्षं सहज काढेल, पुढे मधासारखी होईल. बूच ओलं राहावं म्हणून आडवी ठेवायची. अंधारात, गारव्यात." मग माझ्याकडे बघून, "आणि कुणी हलवायची नाही."

"लोणच्याचंच शास्त्र ते," वरच्या पायरीवरून काकू म्हणाल्या. "कैरी करकरीत आंबट नसेल तर वर्ष निघत नाही. त्यात एवढं काय कौतुक!"

"हे सगळं घरात कुणाला ठाऊक आहे?" मी विचारलं.

"कोण ऐकतंय! मी बाटलीचा विषय काढला की पाहुणे चपला शोधतात."

पाहुणे जात असतील. पण घरात एक माणूस ऐकत होतं, आणि चोराला निवड कळत होती. मी स्वयंपाकघरात गेलो. काकू तांदूळ निवडत होत्या.

"काकू, बाटली कुठं आहे?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. "मला काही विचारू नका. यांचं ऑपरेशन होऊ द्या, मग सगळं सांगते."

"पण बाटलीशिवाय ते जायचे नाहीत."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चौकशीत गुन्हेगाराची नजर दाराकडे जाते. काकूंची देवघराकडे गेली.

दोन दिवसांनी देवास गेटवर माझ्या मुखबिरानं, म्हणजे खबऱ्यानं, गाठलं. कालभैरवाच्या वाटेवर त्याचं पंक्चरचं दुकान. "साहब, एक माताजी आई थीं, भैरव बाबा को चढ़ाने। बोतल ऐसी कि किसी से खुले ही नहीं! आखिर मैंने पेचकस से डाट अंदर धकेली।" म्हणजे स्क्रूड्रायव्हरनं बूचच आत ढकललं होतं.

उज्जैनला भैरवाला मद्य चढवतात, त्यात नवल नाही. पुजारी थोडं बशीत ओततो, देवाच्या ओठांशी धरतो आणि उरलेलं प्रसाद म्हणून परत देतो. पण काकूंनी दुकानातली बाटली घेतली नव्हती. नवऱ्यासाठी मागायचं तर घरातलं उत्तम द्यायचं. आणि काम होईपर्यंत नवस बोलून दाखवायचा नाही. सांगितलं तर नवस मोडतो, नाही सांगितलं तर नवरा इंदूरला जात नाही. बिचारी दोन्हीकडून अडकली होती.

मी तडक माधव नगरात गेलो. दोघांना समोर बसवलं. "काकू, तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. बोलायचं काम पोलिसांचं." मग अगदी कोर्टातल्या आवाजात म्हटलं, "काका, तपासात असं निष्पन्न झालं आहे की..."

ऐकून काका काकूंकडे वळले. "सगळ्यांत चांगली दिलीस?"

"मी कुठं काय सांगितलं? यांनी शोधलं," काकू म्हणाल्या. उठल्या आणि देवघरातल्या तसबिरीमागून अर्धी बाटली घेऊन आल्या.

काकांनी तळहातावर पळीभर घेतली, तीर्थासारखी. तोंडात घोळवली, डोळे मिटले. "हिनं अजून दहा वर्षं थांबायला हवं होतं."

"तिनं नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही थांबायचंय."

ठरल्या दिवशी काका इंदूरला गेले आणि धडधाकट परत आले. मी रोजनामच्यात लिहिलं: माल मिळाला, निम्मा, फिर्यादीची तक्रार नाही. कामवाल्या बाईला त्या दिवशी ठाण्यात बोलावलं नाही, याचं आजही बरं वाटतं. गप्प बसलेला प्रत्येक माणूस काहीतरी लपवतो हे खरं, पण तो ते कुणासाठी लपवतो हे आम्ही पोलीस फार उशिरा विचारतो.

बाटली सापडली त्या संध्याकाळी मोठ्या ऐटीत मी ही हकिकत बायकोला सांगितली. बाईमाणसाच्या मनातलं ओळखायला नजर लागते, असंही वर ऐकवलं. तिनं माझ्यापुढे चहा ठेवला, स्वतःचा कप उचलला आणि म्हणाली, "बारा वर्षं झाली, मी चहात साखर घेत नाही. कुणासाठी सोडली, त्याचा तपास कधी केलात?"