यात्रेच्या गाडीतलं बोलनं

सारी उमर मी रिसोड डेपोत एस.टी.चा ड्रायव्हर होतो. अन् माझं एकुलतं एक पोरगं विमान चालवे! एका शेठच्या खासगी विमानात धाकटा पायलट होता तो. ते विमान उतरताना धावपट्टी संपली तरी थांबलं नाही, पुढच्या नाल्यात गेलं. आत होते ते सारे गेले. माझं पोरगं बी.

मग लोकाईची तोंडं सुटली. पानठेल्यावर एकजन म्हने, "धाकटा काय झोपला होता काय?" मी त्याची गचांडीच धरली. पन घरी आल्यावर तोच सवाल मले खाऊ लागला. पोरानं मोठ्या पायलटले सावध केलं का नाही?

चौकशी लय दिवस चालली. संपल्यावर तपासाचे साहेब सोता घरी आले. भला मानूस. पोराच्या मायनं चहा ठेवला, तो तसाच थंड झाला.

"विमान फार उंचावरून, फार वेगात येत होतं," साहेब म्हनाले. "अशा वेळी उतरायचंच नसतं. पुन्हा वर जाऊन फिरून यायचं. तुमच्या मुलानं तसं दोनदा सांगितलं. विमानातलं बोलणं टिपणाऱ्या टेपमध्ये स्पष्ट ऐकू येतं."

माय पदर तोंडाले लावून रडू लागली. "मी म्हनतच होती! माझं लेकरू चुप बसनारं नाही." माझा बी ऊर भरून आला.

"मंग?" मी इचारलं.

"मोठा पायलट ओरडला, 'जहाज मैं चला रहा हूँ या तू?' त्यानंतर तुमचा मुलगा बोललाच नाही. नियमानं तो स्वतः विमान वर नेऊ शकला असता. गप्प का बसला, तेवढं आम्हाला उलगडलं नाही."

"मुडदा बशिवला त्या मोठ्याचा!" माय कडाडली.

मले पोहरादेवीच्या यात्रेची जादा गाडी आठवली. पोरगं तवा कॉलेजात होतं, माझ्या मागच्या शिटवर बसलं होतं. हळूच म्हने, "बाबा, वळन आलं, स्पीड जास्त आहे." गाडी खचाखच, अन् हा बापाले शिकवते! मी वरडलो, "गाडी मी चालवून राह्यलो का तू?" सारे हासले. तो मान खाली घालून बसला. गाडी वळनावरून कशीबशी निघाली, अन् मी मिशीले ताव देला. त्यानंतर त्यानं मले कधीच टोकलं नाही. पोरगं मोठ्याईले उलटून बोलत नाही, म्हनून मी गावभर सांगत फिरलो.

साहेब कागद आवरून उठले. मी त्याईचा हात धरला.

"बसा साहेब. तो चुप काहून बसला, ते मी सांगतो."