हात न लावायची फाईल

आमच्या ऑफिसातल्या सिनिअर सरांइतका तयार वस्तूला जपून राहणारा माणूस अख्ख्या भिवंडी तालुक्यात दुसरा नसेल. मेसच्या वरणात मीठ कमी असलं तरी ते वरून घालायचे नाहीत. ताटाच्या कडेला चिमूटभर ठेवून प्रत्येक घासाला बोट टेकवायचे. भाड्याच्या खोलीत त्यांनी एक खिळा ठोकला नव्हता. भिंतीला खेटून लाकडी चौकट उभी केली होती, आणि आरसा, कॅलेंडर, शर्ट सगळं तिच्यावर. घरमालकीण म्हणायची, "ठोका की वो खिळा, भिंत काय रडनार हाय?" सर गंभीरपणे सांगायचे, "ताई, उद्या तुम्ही भिंत पाडाल. माझं सामान उभं राहायला हवं."

काल्हेरला एका गोडाऊनच्या माळ्यावर आमचं ऑफिस होतं. मी अंबाडीकडचा, घरातला पहिला पदवीधर. पदवी कॉलेजने दिली, काम सरांनी शिकवलं. गोडाऊनमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या कापडाच्या गाठींचा हिशेब आमचं सॉफ्टवेअर ठेवायचं. डेटाबेसमधल्या प्रत्येक तक्त्यासाठी एक कमांड दोन फाईली बनवून द्यायची. पहिली फाईल कमांड दरवेळी नव्याने लिहायची. दुसरी रिकामी, आपले नियम लिहिण्यासाठी, तिला कमांड पुन्हा कधी हात लावायची नाही. पहिलीत कुणी काही लिहिलं, तर पुढच्या कमांडीला ते पुसलं जायचं. सर ती पहिली फाईल उघडतानासुद्धा माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवायचे आणि बाणाच्या बटणाने वाचायचे. "पाव्हण्याच्या घरात कपाटं उघडू नयेत," म्हणायचे.

एका दुपारी गोडाऊनचे शेठ वर आले. त्यांना गेटपासवर ड्रायव्हरचा मोबाईल नंबर हवा होता, आणि आजच. तक्त्यात रकाना वाढवला, सरांनी फाईलींची एक प्रत बाजूला ठेवली आणि कमांड दिली. नंबर छापून आला. शेठ खूश झाले. तेवढ्यात खालून वॉचमनची हाक आली. प्रत्येक गेटपासवर शिल्लक गाठी शून्य! गोडाऊन भरलेलं, आणि कागद म्हणतोय रिकामं. वॉचमन फाटक उघडेना. ट्रकची रांग रस्त्यावर गेली, हॉर्न सुरू झाले.

"काय सायेब," शेठ टेबलावर हात आपटून म्हणाले, "माल हाय का न्हाय माझा? गाड्या निघाल्या न्हाय ना, तर उद्यापासून आमचा मुनीम बरा. तुमचं दुकान उचला."

आमच्याकडे तेवढं एकच मोठं गिऱ्हाईक होतं. ते गेलं की माळा रिकामा, आणि मी परत अंबाडीला.

सर माझ्याकडे वळले. "पहिल्या फाईलीत कुणी लिहिलं?" मी लिहिलं नव्हतं, पण त्या आवाजापुढे मलाच खात्री वाटेना. सरांनी बाजूला ठेवलेली प्रत उघडली. शिल्लक काढायचा नियम सापडला, पहिल्याच फाईलीत. वर लिहिणाऱ्याचं नाव होतं. त्यांचंच.

खाली हॉर्न चालूच होते. सर उठून म्हणाले, "शेठ, चूक माझी. ह्या पोराची नाही. थोडं थांबा." बसले, नियम उचलून दुसऱ्या फाईलीत ठेवला, आणि मुद्दाम, शेठच्या देखत, कमांड पुन्हा दिली. गेटपास छापला. गाठी बरोबर होत्या.

शेठ जिना उतरताना पुटपुटले, "कबूल करतो, म्हंजे बरा मानूस हाय."

दुसऱ्या दिवशी सर माझ्या खुर्चीशी आले. "आजपासून माझं लिहिलेलं तू तपासायचं." मी हसलो, ते हसले नाहीत. तेव्हापासून रोज संध्याकाळी निकालाला आलेल्या मुलासारखे माझ्या शेजारी हाताची घडी घालून उभे राहायचे. मला कधी काही सापडलं नाही.

पुढे त्यांना पुण्याला नोकरी लागली. शेवटच्या संध्याकाळीही तसेच उभे होते, बॅग पायाशी. मी फाईली परत परत उघडत राहिलो. एखादी चूक निघाली असती, तर सरांना ती दुरुस्त करायला थांबावं लागलं असतं.

"काय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, सर," मी म्हणालो. "सगळं बरोबर आहे."