आप्पांची मोरी

स्क्रूड्रायव्हर तुळईत मुठीपर्यंत घुसला. धडधाकट ओकच्या लाकडात तो नखभरही जायला नको.

"म्हणजे?" शिरीषने मास्कमधून मला, घर तपासायला बोलावलेल्या इंजिनिअरला, विचारलं.

"वरच्या खोलीत हॉस्पिटल बेड नको."

नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरातलं हे जुनं घर रस्त्यावरून विटांचं दिसतं. पण विटा नुसता अंगरखा. भार पेलतो आतला लाकडी सांगाडा: खांब, तुळया, सांध्यात लाकडी खुंट्या. तुळईचं टोक कुजलं की वरची खोली अधांतरी.

चिप कंपनीतल्या शिरीषने घर दुरुस्त करून घेतलं होतं. त्याचे वडील आप्पा, बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसीअर, साताऱ्याहून आले आणि विमानं बंद झाल्याने इथेच अडकले. कोविड गेला, पण फुप्फुसं निकामी करून. हॉस्पिटलने शेवटचे दिवस घरी काढायला सांगितलं. आप्पांना वरची आपलीच खोली हवी होती.

"टेकू लावून नाही भागणार?"

"भागेल. पण खाली स्वयंपाकघराची जमीन पोकळ आहे, टेकूचा भार पेलणार नाही; आधी पाया घालावा लागेल. सुतार क्वारंटाइनमध्ये. पंधरवडा तरी जाईल."

"आप्पांकडे पंधरवडा नाही."

मी वर गेलो. नेमकी कुजलेल्या टोकावर, कोपऱ्यात, फरशी बसवलेली छोटी मोरी.

"ही कोणी केली?"

"आप्पांनी. मागे आले होते तेव्हा. इथल्या बाथरूममध्ये पाय धुतल्यासारखे वाटत नाहीत म्हणाले. सिमेंट स्वतः कालवलं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्यांना सांगू नका."

बेड स्वयंपाकघरात लागला. पुढे मी टेकूच्या पायाची मापं घ्यायला गेलो, तेव्हा आप्पा नाकात ऑक्सिजनची नळी घेऊन छताकडे बघत होते.

"साहेब, तो डाग कसला?"

"जुनं घर आहे, आप्पा. पाणी मुरतं."

"मला शिकवता? वर माझी मोरी आहे." त्यांनी दम घेतला. "उतार भिंतीकडे गेला. माझ्या हाताखालच्या कोणी असं केलं असतं तर मेमो दिला असता."

"मोरी छान आहे, आप्पा," शिरीष म्हणाला. "आम्ही रोज वापरतो."

"तेच तर."

टेकू आले तोवर बेड रिकामा होऊन हॉस्पिटलला परत गेला होता. कुजलेलं टोक कापून आम्ही नवं ओक जोडलं. त्याआधी मोरी फोडावी लागली. तेवढा वेळ शिरीष रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

लाकडी घरात ओल येणारच. तिला बाहेर पडायला वाट ठेवावी. सिमेंट ती वाट बंद करतं.