पेंडवाल्या आप्पांची जीभ

पेंडवाले आप्पा कुत्र्याचं बिस्कीट खात. लपूनछपून नव्हे, भर बाजारात, मंगळवार पेठेतल्या आपल्या दुकानात गादीवर मांडी घालून. कपाळाला भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, अंगात स्वच्छ धुतलेला सदरा आणि हातात ते तपकिरी, जाडजूड बिस्कीट. गिऱ्हाईक समोर उभं असतानाच ते एक तुकडा मोडत, डोळे मिटून सावकाश चावत, जीभ टाळ्यावरून फिरवत आणि मग डोळे उघडून म्हणत, "हां, घेऊन जावा." मी त्यांच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहत होते. सोलापुरात मुलींच्या शाळेत नोकरी लागली म्हणून कुर्डूवाडीहून आलेली. मला कुत्री आवडत नाहीत, तेव्हाही आवडत नव्हती. पहिल्यांदा हा प्रकार बघितला, तेव्हा दुसरी खोली बघावी की काय, असा विचार मनात आला.

आप्पांचा खरा धंदा पेंड, सरकी आणि कोंड्याचा. कुत्र्यांच्या खाण्यात ते पडले राणीमुळे. एका गिरणीचे मॅनेजर बदली होऊन गेले आणि जाताना आपली अल्सेशियन कुत्री आप्पांच्या पदरात टाकून गेले. सोबत मुंबईच्या कुठल्याशा कंपनीच्या बिस्किटांचं खोकंही दिलं. ती खाऊन राणीचे केस गळायला लागले. आप्पांनी एक बिस्कीट पाण्याच्या ग्लासात टाकून ठेवलं. ते विरघळल्यावर तळाशी जो गाळ बसला, त्यात चामड्याची चिंधी निघाली. ती त्यांनी मला चिमटीत धरून दाखवली. "पाकिटावर प्रोटीन लिवलंय म्हणं. प्रोटीन काय, चपलेत बी असतंय की, बाई!"

तेव्हापासून त्यांना छंदच लागला. रेल्वेच्या बंगल्यांतले साहेब, कारखान्यांचे मालक, ज्यांच्या घरी म्हणून जातिवंत कुत्री होती, ते सगळे आपापली पाकिटं घेऊन आप्पांकडे यायला लागले. आप्पा बिस्कीट आधी फळीवर आपटून आवाज ऐकत. मग पाण्यात भिजवत. मग निखाऱ्यावर धरत. जळक्या चामड्याचा वास आला की पाकीट बाजूला. एक तुकडा मुंग्यांच्या वाटेवर ठेवत. मुंग्या वळसा घालून गेल्या, तर म्हणत, "मुंगीला नको ते कुत्र्याला कशापायी?" सगळं करत, पण तोंडात घालत नसत. त्यात हाडाचा चुरा असे आणि आप्पांच्या घरात अंडंसुद्धा चालत नव्हतं. एकदा मी चेष्टेनं म्हटलं, "आप्पा, मुख्य परीक्षा राहिलीच की तुमची." ते हसले नाहीत. म्हणाले, "तीच तर अडचण हाय. जे माज्या तोंडात जात न्हाई, ते तिच्या तोंडात कसं घालू मी?"

या एका वाक्यापायी त्यांनी दुकानामागच्या अंगणात भट्टी बांधली. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची पेंड, गूळ, दुधाची पावडर आणि चवीला मीठ. हाड नाही, कातडं नाही, घरातल्या देवापुढे ठेवावं इतकं शुद्ध. प्रत्येक घाण्यातलं पहिलं बिस्कीट ते स्वतः खात, दुसरं राणी खाई, मग बाकीची विक्रीला जात. भट्टी पेटली की पेंड भाजल्याचा असा खमंग वास माझ्या खोलीत येई, की वह्या तपासताना भूक लागायची. एकदा त्यांनी मलाही एक दिलं. कुणाला सांगू नका, पण मी ते चहात बुडवून अख्खं खाल्लं.

राणीशी ते कानडीत बोलत. आमच्याशी मराठी, गिऱ्हाईक मुसलमान असेल तर दखनी, पण राणीशी फक्त कानडी. घरात आले की पहिला प्रश्न, "राणी, ऊट आय्ता?" म्हणजे जेवण झालं का. त्यांच्या बायकोला, अक्कांना, हा प्रश्न दुसऱ्या नंबरावर यायचा. त्यावरून अक्का माझ्यापाशी कुरकुरत, पण राणीचं ताट त्याच घासत. या दोघांना मूलबाळ नव्हतं. त्या घरात कुणी जेवलं नाही, तर सगळ्यांचाच घास अडायचा, मग ती कुत्री का असेना.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. माणसं खडी फोडायला गेली, रेशनला मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी आली, तिथे कुत्र्यांचं काय घेऊन बसलात! तरी आप्पांनी भट्टी विझू दिली नाही. दुसऱ्या वर्षी पाऊस झाला, पण नको तेव्हा आणि नको तितका. चांगली पेंड मिळेना. आप्पांनी जी पोती आणली ती वखारीत भिजलेली होती. पेंडीच्या ढेपा आतून हिरवट पडल्या होत्या, हात लावला की पिठी उडायची. ती सगळी पेंड त्यांनी माझ्या खोलीपुढच्या गच्चीवर वाळत घातली. मी नाक मुरडलं, तर म्हणाले, "ऊन दाखवलं की जातंय सगळं. तुमची अक्का डाळीला ऊन देती, तसंच हे." यात मी तरी काय बोलणार? बुरसटलेलं धान्य उन्हात घालायचं, चाळायचं, भाजायचं आणि खायचं, हे माझ्या आईनंही जन्मभर केलं होतं. त्यांनी पेंड चाळली, नेहमीपेक्षा जास्त भाजली, बिस्किटं काढली आणि पहिलं तोंडात टाकलं. बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "पयल्यापेक्षा झ्याक झालंय की." तो वास खरोखरच पहिल्यापेक्षा चांगला होता. आज तो आठवला की अंगावर काटा येतो.

काही आठवड्यांनी अंबादास आला. हा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यावर राखणदार होता. कारखान्याची दोन कुत्री त्यानंच सांभाळलेली, आप्पांच्याच बिस्किटांवर. तो दुकानाच्या पायरीवर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "आप्पा, दोन्ही गेली हो. आधी खायाची बंद झाली. मग डोळे पिवळे झाले. मग रगत ओकली." आप्पांनी त्याला पाणी दिलं, उंदराच्या औषधाविषयी विचारलं, शेजारच्या कारखान्यातल्या कुणाशी वैर आहे का विचारलं. अंबादास प्रत्येक प्रश्नाला मान हलवून नाही म्हणत होता. पुढच्या आठवड्यात रेल्वेच्या एका बंगल्यातलं कुत्रं तसंच गेलं.

मग गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर स्वतः दुकानात आले. तरुण होते, पण बोलणं अदबीचं. म्हणाले, "आप्पा, मला पेंडीची शंका येते. बुरशीचं विष असतं. उन्हानं जात नाही, भाजून जात नाही. त्याला वास नसतो आणि चवही नसते." पेंडीचा नमुना तपासायला पुण्याला पाठवतो म्हणाले. चवीच्या वाक्यावर आप्पांनी मान वर केली होती. चव नसलेलं विष असतं, हे त्यांना पटेना. हा माणूस जिभेवर जगलेला होता.

"डाक्टर, मी रोज खातोय की. मला काय झालंय?"

"तुम्ही एक तुकडा खाता, आप्पा. ती दुसरं काही खातच नाहीत."

यावर कुणीही दुसरा माणूस गप्प बसला असता, नाहीतर त्यानं डॉक्टरांना दुकानाबाहेर काढलं असतं. आप्पांनी दोन्ही केलं नाही. ते म्हणाले, "मग बराबर हाय. मी बी आता तेवढंच खातो, दुसरं काय बी न्हाई. नमुन्याचा कागद येईल तवा येईल." विक्री त्यांनी त्याच दिवशी बंद केली, हे सांगायलाच हवं. पण स्वतःला आणि राणीला त्या बंदीतून वगळलं. भट्टीतलं आपलं खाणं विषारी आहे असं मानणं म्हणजे अंबादासची कुत्री आपण मारली असं मानणं होतं, आणि ते मानण्याआधी त्यांना खात्री हवी होती. ती खात्री करून घ्यायची त्यांना एकच रीत ठाऊक होती.

त्या दिवसापासून घरात दोन ताटं बिस्किटांची लागायला लागली. आप्पा आंघोळ करून, लिंगपूजा आटोपून बसत आणि ताकात भिजवलेली बिस्किटं भाकरीच्या जागी खात. शेजारी राणी. अक्का चुलीपुढे भाकरी थापत आणि ती तशीच टोपलीत राही. मी खाली जाऊन भांडले. शाळेत मुलींवर ओरडते तशी ओरडले. "आप्पा, हा काय पोरखेळ आहे? कागद येईपर्यंत कळ काढा की!" ते म्हणाले, "बाई, लोकांनी माज्या जिभेवर भरवसा ठिवला. ती खोटी असंल, तर मला कळाया नको व्हय?" मला इतका राग आला होता, की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तो राग अजून गेलेला नाही.

एके सकाळी राणीनं ताटाला तोंड लावलं नाही. वास घेतला आणि भिंतीकडे बघत बसली. मी जिन्यावरून हे बघत होते. आप्पा तिच्याजवळ उकिडवे बसले, एक तुकडा स्वतः खाल्ला, एक तिच्यापुढे धरला. तिनं मान वळवली. ते त्या बाजूला गेले. तिनं पुन्हा मान वळवली. मग त्यांनी तुकड्याला तूप लावलं, लहान मुलाशी बोलावं तसं कानडीत काहीबाही बोलत राहिले आणि शेवटी तिनं तो घेतला. त्यांचं मन मोडवेना म्हणून घेतला, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "बगा, खाल्ली की. उगं हट्ट करती." अक्का आत निघून गेल्या.

असं काही दिवस चाललं. मग तुपानंही भागेना. राणीचे डोळे पिवळे झालेले आप्पांना सगळ्यांत शेवटी दिसले. मी आणि अक्का त्यांच्याकडे बघत होतो, कारण त्यांच्याही डोळ्यांत तो रंग उतरायला लागला होता आणि ते कसं सांगायचं हे आम्हाला कळत नव्हतं.

राणी गेली तेव्हा पुण्याचा कागद अजून आला नव्हता. आप्पांनी त्याची वाट बघितली नाही. भट्टीत स्वतःच्या हातानं पाणी ओतलं, उरलेली पोती शिवारात नेऊन चुन्याखाली पुरून टाकली. मग ज्यांनी ज्यांनी बिस्किटं नेली होती, त्या एकेका दारात गेले. पाय सुजले होते, जिना चढताना थांबावं लागत होतं. दार उघडलं की हात जोडून म्हणत, "माजी बिस्किटं घरात असतील तर टाकून द्या. वाईट हायेत." अंबादासच्या घरी ते बराच वेळ बसले होते. तिथे काय बोलणं झालं, ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. पण आप्पांना दवाखान्यात नेलं तेव्हा खाटेची एक बाजू अंबादासनं धरली होती.

त्या दवाखान्यातून ते घरी आले नाहीत. मी शाळा सुटल्यावर रोज जात असे. शेवटच्या दिवसांत पोट फुगलं होतं, हातापायांच्या काड्या झाल्या होत्या, पण शुद्ध होती. एकदा ते गुरांचे डॉक्टर भेटायला आले. कागद आला होता, पण त्यांनी तो खिशातून काढला नाही. आप्पा म्हणाले, "डाक्टर, तुमचंच खरं हो. पर चवीत काय बी नव्हतं. मी लई निरखून बघितलं."

त्या संध्याकाळी अक्कांनी घरून मऊ भात कालवून आणला होता. त्यांनी चमचा तोंडाशी नेला. आप्पांनी मान वळवली. अक्का उठून खाटेच्या दुसऱ्या बाजूला गेल्या आणि रडवेल्या होऊन म्हणाल्या, "एवढा एक घास घ्या की, माज्यासाठी." आप्पांनी तोंड उघडलं नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तिनं बी असंच तोंड फिरवलं हुतं, बाई. तिला कळलं हुतं. मीच ऐकलं न्हाई."

अक्कांनी चमचा वाटीत ठेवला आणि पदरानं त्यांचं तोंड पुसलं.