सोपटाचा रुमाल

आमच्या गावी केळीचा घड उतरवला की उरलेला खांब बांधावर फेकून देत. त्याची सोपटं, म्हणजे पानांचे जाड देठ, सोलून त्यांच्या दोऱ्याने आम्ही गजरे बांधायचो. लग्न होऊन सुरतेला पांडेसऱ्यात आले, चहूकडे लूम, म्हणजे यंत्रमाग, खडखडताना ऐकले आणि डोक्यात शिरलं, की या दोऱ्याचा गजरा होतो तर कापड का होऊ नये?

माहेरहून पोतं भरून सोपटं आणली. पाटावर ठेवून बोथट सुरीने गर खरवडला की खाली चकचकीत तंतू निघत. केळीच्या चिकाचे डाग काही केल्या जात नाहीत. माझ्या दोन चांगल्या साड्या त्यात गेल्या. शेजारणी विचारायच्या, "सुरतमा धागा सरी गया का ओ?"

तंतूला तंतू जोडून मी दोऱ्याची एक आटी, म्हणजे लड, तयार केली, चिंधीने घट्ट बांधली आणि थोरल्या भावाला दिली. तोही सुरतेतच लूमवर कारागीर होता. "वीतभर तरी विनी दे, भाऊ." काही दिवसांनी त्याने मऊ, पिवळसर रुमाल आणून दिला. मी त्याच्या पायाच पडले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तो मिरवला. सुरतेत कापडाची पारख एकाच रीतीने होते: धागा उपसायचा आणि काडी लावायची. झाडाचा धागा जळून राख होतो, पॉलिस्टरची वितळून काळी गोळी होते. कुणी पुरावा मागितला नव्हता, मीच तोऱ्यात काडी ओढली.

काळी गोळी झाली. खोलीभर प्लॅस्टिकचा वास. बायका वाण घेऊन गुपचूप निघून गेल्या. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

तशीच कारखान्यात गेले. भाऊ खडखडाटात ओरडून म्हणाला, "तुना धागा घडीघडी तुटे, बाई. तुले वाईट वाटी म्हनीसन सांगं नही."

क्षणभर मला त्याचीच कीव आली. मग लूमच्या दांडीला अडकवलेली माझी आटी दिसली, तेलाने काळीकुट्ट. तो तिला हात पुसत होता. ओढून घेतली तर चिंधीची गाठ मी मारली होती तशीच होती. त्याने आटी सोडलीसुद्धा नव्हती.

नाही म्हणाला असता तर भांडले असते आणि विसरले असते. त्या वर्षी राखी बांधली, रीत होती म्हणून. ओवाळताना त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.