कुलपातले चोवीस सेट

१२ मार्च रोजी अग्निशमन केंद्रात चोवीस नवे वॉकीटॉकी आले. एका सेटची किंमत अठरा हजार चारशे पन्नास रुपये. भांडारपालाने सेट मोजायच्या आधी हा आकडा वाचला आणि त्याच्या तोंडचे पाणी पळाले. सेट हरवला किंवा फुटला तर भरपाई वापरणाऱ्याच्या पगारातून, असाही कागद सोबत होता. त्याने चोवीसही सेट लोखंडी कपाटात रचले, कुलूप घातले आणि किल्ली कमरेला लटकवली. ज्याला हवा त्याने वहीत सही करून न्यावा, अशी पाटी लावली. सहा महिने वही कोरीच राहिली. आगीवर जाताना सगळे जुनेच सेट नेत.

जुना सेट विटेसारखा होता, वजनाला आणि रूपालाही. पण त्याचे बोलायचे बटण एवढे मोठे, की हात अडकला तर कोपराने दाबावे. केंद्रातले सर्वांत जुने फायरमन म्हणजे मामा. ते या विटेलाही पहिली दोन वर्षे शिव्याच घालत. त्यांनी उमेदवारी केली तेव्हा कमरेला दोरी असे. एक हिसका म्हणजे पाणी सोड, दोन म्हणजे बंद कर, तीन म्हणजे मला ओढ. एकतीस वर्षे पाण्याच्या नळीचे तोंड धरून त्यांची उजव्या हाताची दोन बोटे आखडली होती, जीभ मात्र सुटलेली होती. सगळे केंद्रच त्यांना मामा म्हणे. त्यातल्या एकालाच तो हक्क होता, कारण तो त्यांचा जावई होता. घरी मामा त्याला ‘अहो’ म्हणत, बसायला पाट सरकवत. केंद्रात पाऊल टाकले की ‘अरे’. हा जावई त्यांनीच पसंत केला होता. पोरीला आपल्या हाताने आगीत घातलीत, असे मामी अजून ऐकवत. पाठीवर सिलिंडर बांधून धुरात पहिला शिरायचे काम जावयाचेच होते.

सप्टेंबरात मुख्य कार्यालयाने नव्या सेटची पाहणी लावली. पाचपैकी सरासरी चार गुण आले की एक तारखेला जुने सेट भंगारात जाणार होते. पाहणीला आलेले गृहस्थ चाळिशीचे, कडक इस्त्रीचे. हातात काचेची पाटी, तिच्यावर रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच तोंडे. जन्मात कधी चुलीचा धूरही डोळ्यांत गेला नसावा असा माणूस धुरातल्या माणसांना प्रश्न विचारायला आला होता. सहा महिन्यांत सेट बंद पडला का? आवाज खरखरला का? बॅटरी उतरली का? अकरा जणांनी एकामागून एक नाही म्हटले, हसऱ्या तोंडावर बोट ठेवले आणि चहा प्यायला गेले. कोणी खोटे बोलले नव्हते. कपाटात ठेवलेली वस्तू बंद पडत नाही, हे कोणीही शपथेवर सांगेल.

मामांनी जावयाला गाडीच्या मागे गाठले.

“पाच का दिलेस?”

“त्रास झालाच नाही, मामा. काय लिहू?”

“त्या कपाटानेही तुला त्रास दिला नाही. त्यालाही पाच दे.”

“उगाच वाकडेपणा कशाला? तुमचे निवृत्तीला चार महिने राहिलेत.”

“माझे चार. तुझी बावीस वर्षं राहिलीत. आत अडकलास तर तोंडाला ते खेळणं लावून काय करणार आहेस?”

मामा तसेच भांडारपालाकडे गेले आणि त्या वहीतली पहिली सही त्यांनी केली. दोन सेट घेतले. भांडारपालाने ते असे दिले, की जणू स्वतःच्या पोटचे दत्तक देत होता.

पाहणीवाल्यांनी पहिला प्रश्न केला, सेट वापरायला किती सोपा आहे? मामा म्हणाले की ते साहेबांनीच सांगावे. मामांनी साहेबांना ओले हातमोजे चढवले, तोंडावर मुखवटा बांधला, एक सेट हाती दिला आणि सरावाच्या काळ्या खोलीत सोडले. आत जाऊन फक्त ‘मी इथे आहे’ एवढेच बोलायचे होते. दुसरा सेट जावयाच्या कानाशी. बाकीचे दहा जण चहाचे कप घेऊन जमले.

सेटमधून काही आले नाही. बोलायचे बटण शर्टाच्या गुंडीएवढे, आणि त्याच्या शेजारी तशाच आणखी तीन गुंड्या. दाराच्या फटीतून एकदा सेटवरच्या दिव्याचा उजेड दिसला. मग सेटची शिट्टी वाजली. मग काहीतरी फरशीवर आपटले. त्यानंतर जो आवाज आला तो सेटमधून नव्हता, दारावर बुक्क्या मारून माणूस ओरडत होता. मामांनी दार उघडले. इस्त्री मोडली होती. जावई हातातल्या मुक्या सेटकडे बघत राहिला.

“हे आमच्या प्रश्नावलीत नाही,” ते गृहस्थ धापा टाकत म्हणाले.

“मग लिहून घ्या. हे सगळे परत उत्तरं देणार आहेत. मोजे घालून.”

सर्वांआधी जावयाने मोजे चढवले. त्याने रडक्या तोंडावर बोट टेकवले. काही उमटले नाही. पुन्हा टेकवले, चोळले, दाबले. काचेच्या पाटीला मोज्यातले बोट कळत नव्हते. दहा जण इतके हसले की एकाचा चहा सांडला. पाहणीच्या पाटीवरच पाहणी झाली होती. शेवटी बारा जणांची उत्तरे गृहस्थांनी स्वतःच्या उघड्या बोटाने भरली, मान खाली घालून. सरासरी एक पूर्णांक दोन आली.

महिन्याभराने अहवाल आला. सेटमध्ये दोष नाही, असे त्यात होते. वापरणाऱ्यांना हातमोजे घालून बारीक बटणे दाबण्याचे प्रशिक्षण द्यावे, आणि ते होईपर्यंत जुने सेट भंगारात काढू नयेत. प्रशिक्षण कोण देणार, याची जागा कोरी होती. मामांनी तो कागद दोनदा वाचला, त्याच कागदाने चष्मा पुसला आणि जावयाला सांगितले की मूर्खांनी चुकून का होईना, वीट तुझ्याकडे ठेवली आहे, ती नीट वापर. जावई म्हणाला, “हो, मामा.” तो अजून तीच वीट घेऊन आत शिरतो.

काळ्या खोलीत पडलेल्या सेटची पट्ट्याला अडकवायची खिट्टी तुटली होती. सही मामांची, म्हणून भरपाईही मामांची. तीनशे चाळीस रुपये, दोन हप्त्यांत. पहिला हप्ता ऑक्टोबरच्या पगारातून कापला गेला. एकशे सत्तर रुपये बाकी आहेत.