पायऱ्या नसलेली झोप

बारा वर्षं आम्ही चौघी-पाचजणी अकोल्याच्या एकाच कापूस-जिनिंग कारखान्याच्या फाटकातून आत-बाहेर केलं. किस्से गोळा करावे लागलेच नाहीत. लुगड्याला रुई चिकटते तसे चिकटत गेले. त्यातले निम्मे रुक्माचे. रुक्मा म्हणजे माझ्या शेजारच्या रेच्यावर, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर, कापूस टाकणारी. नवरा गेलेला, पदरात दोन पोरी. आणि झोप अशी, की उभ्या उभ्या यायची!

०

दुपारच्या जेवणाला मी काहीतरी गंमत सांगितली. रुक्मा हसली आणि हसता हसता आडवीच झाली. हात-पाय सैल, डोळे उघडे. कोणी पाणी मारलं, कोणी म्हणालं, "गेली व माय!" दोन मिनिटांनी उठली.

"सारं ऐकून राहिली होती मी. माझ्या ठेच्यावर कोणी हात मारला, तेबी पाह्यलं!"

०

मी म्हटलं, "रुक्मे, पातूरकडं एक भगत हाय. बाहेरचं काढते."

तिच्या घरच्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन पाच-सहा वर्षं झाली होती. ती शांतपणे म्हणाली, "भूतखेत तवाच सोडून आलो बाई. आता तुझ्या भगतासाठी कुठून आणू?"

०

एकदा दोन दिवस माझ्याशी बोललीच नाही. विचारलं तर फणकारली, "माझं हिरवं लुगडं कावून नेलं तू?"

हिरवं लुगडं तिच्याकडं नव्हतंच! तेव्हा तिलाही उमगलं. पापणी मिटली की तिला लगेच स्वप्न पडायचं, आणि ते इतकं खरं, की जागेपणी वेगळं काढता यायचं नाही.

"सपनातलं होतं ते," ती म्हणाली. "पण नेलं तूच होतं!"

०

मग ते झालं. कापूस टाकता टाकता तिचा डोळा लागला आणि हात रेच्याकडं सरकला. मी अंबाडा धरून मागं ओढली म्हणून बोटं राहिली.

मुकादम धावत आला. "बाई, रेचा बोट पाहत नाई. डॉक्टरचा कागद आण, नाई तं उद्यापासून येऊ नको."

त्या दिवशी कोणीच हसलं नाही.

०

नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात डोक्याला तारा चिकटवणारं यंत्र होतं. मी सोबत गेले. डॉक्टर म्हणाले, "झोपा."

उभ्यानं झोपणारी रुक्मा टक्क जागी! "इतकी माणसं पाहून राहिली, झोप येईन कशी?"

आम्ही तोंडं फिरवली, तशी झोपली. लगेच पापण्यांखाली बुबुळं पळायला लागली. यंत्राच्या लेखण्या कागदावर बारीक रेघा ओढत होत्या. डॉक्टरांनी मला समजावलं, "मेंदू झोपेतही काम करतो, त्या या रेघा. झोपेला पायऱ्या असतात, आजी. आधी हलकी झोप. मग गाढ, तेव्हा रेघा मोठ्या, संथ होतात. स्वप्नं पडतात ती तास-दीड तासानं, आणि रेघा पुन्हा जाग्या माणसासारख्या बारीक होतात. या बाई पायऱ्या उतरतच नाहीत, थेट स्वप्नात पडतात."

मी चाळिशीचीही नव्हते. पण ते 'आजी' सोडून दिलं. म्हटलं, "साहेब, तिले कुठं फुरसत हाय पायऱ्या उतराले?"

मला अक्षर येत नाही. पण तो कागद मी खूप वेळ पाहिला. जागी आणि झोपलेली, दोन्हीकडं ही बाई पळतच होती.

०

डॉक्टरांचा कागद कारखान्याच्या कारकुनानं मोठ्यानं वाचला. हा आजार आहे, आळस नाही. हसू आलं किंवा फार आनंद झाला की पडतात. यंत्राजवळ ठेवू नये.

मुकादमाला पटेना. "हसली का पडते? मले पाहू दे." त्या माणसाला कोणी कधी हसताना पाहिलं नव्हतं. त्यानं घसा साफ केला आणि एका म्हशीची गोष्ट सांगितली. गोष्ट संपली हेसुद्धा कोणाला कळलं नाही!

रुक्मा ताठ उभी. आम्ही मागून कुजबुजतोय, "पड व! पड ना!"

ती मोठ्यानं म्हणाली, "हसूच नाई आलं, तं पडू कशी? खोटं पडणं जमत नाई मले."

मुकादमानं कागदाची घडी घातली. आम्ही माना खाली घातल्या.

मग मुकादम म्हणाला, "उद्यापासून रेच्यावर नको. बाहेर कापसातला कचरा वेचाले बस. मजुरी तेवढीच राहीन."

रुक्मा त्याच्याकडं पाहत राहिली. आधी तिची हनुवटी लोंबली, मग गुडघे गेले, आणि ती मागच्या कापसाच्या ढिगात अलगद कोसळली.

मुकादम दोन पावलं मागं सरला. "आता कावून पडली व? आता तं मी गंमत नाई केली!"